दोन माणसांची ट्रंक

कसबा बावड्याच्या त्या गल्लीत मिलिटरीतला माणूस सुट्टीवर आला, की लोक आधी त्याचं तोंड बघत नसत, त्याची ट्रंक बघत. टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. ती एकट्यानं खांद्यावर घेतली, तर लोक आपापल्या कामाला लागायचे. दोघांना धरावी लागली, तर मात्र "आलं बगा पोरगं पैका घिऊन" म्हणत सगळे मागोमाग घरापर्यंत यायचे आणि चहा पिऊनच उठायचे. दोन माणसांची ट्रंक म्हणजे इज्जतीची ट्रंक! ती भरायला काय पडतं, हे विचारणारा एक जरी माणूस गल्लीत निघाला असता, तरी आक्काताईनं त्याची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली असती.

आक्काताई ही गणपतीची बायको. लग्न होऊन आली तेव्हा बायका म्हणाल्या, "नशीब काढलंस गं, मिलिटरीवाला गावला." नशीब कसलं डोंबलाचं! गणपती साधा शिपाई. साल चौसष्टचं, पगार साठ-पासष्टाच्या घरात. त्यातले चाळीस तो मनिऑर्डरनं घरी पाठवायचा, बापाच्या नावावर, कारण बाप जिवंत असताना बायकोच्या नावावर पैसे पाठवणं म्हणजे बापाच्या तोंडात मारल्यासारखं. बाप म्हणजे आण्णा, दम्यानं खिळलेला म्हातारा. घरात आणखी एक धाकटी नणंद, बाळाबाई. पोस्टमन दारात आला, की त्याच्या मागं अंबादास वाणी हजर असायचा. त्याला वास यायचा की काय कोण जाणे. पोस्टमन नोटा आण्णांच्या हातात ठेवायचा, आण्णा त्या अंबादासच्या हातात ठेवायचे, आणि आक्काताई आतल्या दारातनं बघायची. मग बाकीचा महिना ती लोकांच्या उसातलं तण काढायला, भांगलायला जायची. वर गल्ली म्हणायची, लंगरात जेवतोय, सरकारची कापडं घालतोय, तेला खर्च काय हाय!

तेला खर्च काय हाय! तिकडं काश्मिरात तो आपल्या वाटणीची रम विकायचा, सिगारेटी विकायचा, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याचा पहारा करायचा, तेव्हा कुठं त्या चाळीसाचे चाळीस पुरे व्हायचे. हे आक्काताईला ठाऊक होतं, कारण सुट्टीवर आल्यावर तो झोपेत बरळायचा.

त्या वर्षी आण्णांचा दमा फार बळावला आणि गणपतीनं होतं नव्हतं ते दवाखान्यासाठी पाठवून दिलं. नेमकं त्याच वर्षी बाळाबाईला हुपरीचं स्थळ आलं. चांदीच्या पैंजणांचा घरात कारखाना, मुलगा सयाजी एकुलता एक. अडीच तोळे सोन्यावर बोलणी आली होती. आण्णांनी शेजारच्या मास्तराकडनं कळवलं, तू ज्या दिवशी येणार त्याच दिवशी हुपरीचे पावणे घरात असतील, तर नीट ये. नीट म्हणजे काय, ते बावड्यातल्या माणसाला उलगडून सांगावं लागत नाही.

टांगा आला. आक्काताई चुलीपासनं उठून दाराआड उभी राहिली. गणपती आणि टांगेवाला दोघं ट्रंक उतरवायला लागले, तर दोघांनाही पेलेना. शेजारच्या विठाबाईच्या नवऱ्यानं पळत येऊन खालनं हात दिला. तीन माणसं! गल्लीत अशी ट्रंक कधी आली नव्हती. बाहेरच्या सोप्यात बाजल्यावर बसलेल्या मुलाच्या बापानं, बाळासोनं, मिशीवरनं हात फिरवला. आण्णांना दम्याची उबळ आलेली, तीसुद्धा गप्प बसली.

आणि आक्काताई? तिचा आनंद पोटात मावेना. अंगावरच्या लुगड्याला तीन ठिगळं होती. मागल्या सुट्टीत तो म्हणाला होता, पुढल्या खेपेला हिरवं लुगडं आणतो. म्हणजे आणलं म्हणायचं! ट्रंक आतल्या खोलीत गेली, माणसं बाहेर वळली, तशी तिनं त्याच्या हातातली किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि झाकण वर केलं.

वर एक मिलिटरीची कांबळ. कांबळीखाली दगड. काळे, धारदार, मुठीएवढे दगड. तिनं हात खुपसून तळापर्यंत चाचपलं. सगळे दगडच.

"आवं, ह्ये काय?"

"हळू बोल. पावणं भाईर हाईत."

"दगडं आणलासा? काश्मिरातनं दगडं?"

"मिरजेतनं," गणपती खाली बघत म्हणाला. "कोल्हापूरच्या गाडीची वाट बगत बसलोतो. रुळाकडंला खडीचा ढीग हुता. रिकामी ट्रंक एका हातात धरून गल्लीत शिरू? हुपरीची माणसं बसल्याली. आण्णांचं तोंड काळं करू?"

"मग खडीनं काय पांढरं हुतंय?"

"लगीन हुईस्तवर. लगीन झालं की टाकू भाईर. माज्या गळ्याची आन हाय तुला, कुणाला बोलायचं न्हाय. आण्णांस्नी बी न्हाय, बाळीला बी न्हाय."

आक्काताईनं झाकण लावलं. लुगड्याचं विचारायचं तिच्या तोंडावर आलं होतं, पण आता काय विचारणार, कपाळ! तिनं तोंडावर पाणी मारलं आणि पोह्यांची ताटली बाहेर नेली.

बोलणी सुरू झाली. बाळासो गडी पक्का. त्यानं आधी गणपतीच्या रेजिमेंटची विचारपूस केली, मग आतल्या खोलीकडं बघत खाकरला.

"आता कसं हाय पावणं," बाळासो म्हणाला, "चांदी आमच्या घरात उतू चाललीया. सोनं तुमी घाला. अडीच म्हणजे लईच हलकं हुतंय. पाच करा. तीन माणसांनी ट्रंक उतरीवली मगाशी, मी ह्या डोळ्यांनी बगितलं की! तुमास्नी काय जड हाय?"

आण्णांनी मुलाकडं बघितलं. आयुष्यात कधी नव्हे ते म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. दाराआड आक्काताई मनातल्या मनात ओरडत होती, न्हाय म्हणा. आवं, न्हाय म्हणा की! एवढा बंदूक घेऊन दुश्मनासमोर उभा राहणारा माणूस, एक 'न्हाय' तोंडातनं निघू नये?

"व्हय," गणपती म्हणाला.

झालं! एका शब्दात घर बसलं. अडीच तोळे लग्नात घातले, त्यात गणपतीचा फंड गेला आणि आक्काताईची माहेरची बोरमाळ गेली. बोरमाळ काढताना ती चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर फार बोलली असती. उरलेले अडीच पुढल्या सुट्टीला देतो, असा शब्द गणपतीनं दिला. तो शब्द पाळायला त्यानं काय केलं? बर्फातल्या ठाण्यावर चार पैसे जादा मिळतात म्हणून स्वतःहून नाव दिलं. ठाण्यावर दुसरा हिवाळा संपता संपता त्याच्या डाव्या पायाची बोटं काळी पडली. डॉक्टरांनी ती काढून टाकली, आणि सरकारनं त्याला काठी, थोडीशी पेन्शन आणि घरचं तिकीट दिलं. या खेपेला तो स्टेशनवरनं आला तेव्हा हातात नुसता बिस्तरा होता. पण गल्ली म्हणाली, तेला काय कमी हाय, ट्रंक हाय की घरात.

ट्रंक होती. कुठं जाणार! लग्न झाल्यावर खडी बाहेर टाकू म्हणाला होता; पण लग्नानंतर अडीच तोळे राहिले होते, आणि ते मिळणार, असं हुपरीला वाटत होतं ते ट्रंकेच्या जिवावर. शिवाय आक्काताईला हळूहळू वेगळंच उमगलं. अंबादास वाणी दुसऱ्या कुणाला महिनाभराच्या वर उधार देत नसे, तिला मात्र तीन-तीन महिने देई. "असूंद्या वयनी, तुमचं कुठं जातंय," म्हणायचा. का? तर आतल्या खोलीत ट्रंक! गणपती काठी टेकत शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर वॉचमन म्हणून उभा राहायचा. तो पगार आणि ती पेन्शन मिळून महिन्याची वीस तारीख यायची. पुढचे दिवस खडीवर चालायचे. एकदा अंबादासनं कुरकुर केली, तर आक्काताईनं त्याच्या देखत कमरेची किल्ली काढली, आतल्या खोलीत गेली, कुलूप खडखडवलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "ऱ्हाऊंद्या, मोडायचं म्हंजे जिवावर येतंय." अंबादासनं वर पावशेर साखर दिली. घरी येऊन ती हसली आणि हसता हसता रडली. आपण चोर आहोत असं तिला वाटलं. पण उधारी तिनं दरवेळी पै न् पै फेडली. ते कुणाच्या लक्षात राहणार!

दसऱ्याला घर सारवायचं, तेव्हा शेजारचे दोघं यायचे ट्रंक हलवायला. म्हणून खडी काढता येत नव्हती. हलकी लागली असती तर बोभाटा झाला असता. दरवर्षी ते दोघं घाम पुसत बाहेर पडत आणि गल्लीत नवीन काहीतरी सांगत. कुणी म्हणे चांदीची ताटं आहेत. कुणी म्हणे लढाईत लाहोराकडनं सोनं आणलंय. लढाई पासष्टची, ट्रंक चौसष्टची! पण हिशोब करतंय कोण! आण्णा तर त्याच थाटात मेले. शेवटच्या दिवसांत बाजलं ट्रंकेजवळ ओढून घेतलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, माज्या पोरानं घर भरलं.

भोगलं ते बाळाबाईनं. राहिलेलं सोनं येईना, तशी हुपरीवाल्यांनी तिची माहेरची वाट बंद केली. पंचमी नाही, दिवाळी नाही. आक्काताई दरवर्षी पंचमीला हुपरीच्या एस.टी.नं जायची, बांगड्या घेऊन. बाळाबाई उंबऱ्यातनं बोलायची, आत ये म्हणायची नाही. हीच पोर, जिच्या डोक्यातल्या उवा काढण्यापासून सगळं आक्काताईनं केलं होतं! एकदा बाळाबाई म्हणाली, "दादाला सांग, ट्रंकंवर झोपून माती खा म्हणावं."

त्या रोजी आक्काताई परत आली ती पेटूनच.

"सांगून टाका तिला," ती गणपतीला म्हणाली. "खडी हाय म्हणावं. सख्खी भन हाय तुमची."

"आन् काय सांगू? तुज्या सासऱ्याला मी खडी दाखवून फशिवलं? तिला तिथं जगू देतील? आन् आण्णा? आण्णा काय म्हणून मेलं, आटीवतंय न्हवं?"

"ती तुमास्नी चोर म्हणतीया!"

"म्हणूंदे. लबाड म्हणण्यापरास बरं."

मूलबाळ नव्हतंच त्यांना. त्यामुळं लोकांना आणखी नवल, कुणासाठी कवटाळून बसलाय हा! गणपती ऐकायचा, काठी घ्यायचा आणि अडतीवर पहाऱ्याला जायचा. त्र्याऐंशीच्या थंडीत तो तापानं गेला. आन मात्र ठेवून गेला.

तेराव्याला बाळाबाई आली. बरोबर सयाजी. बाळासो म्हातारा कधीच गेला होता, पण सयाजीच्या मिशीवर तोच हात फिरत होता. बाळाबाईनं दुखवट्याचं लुगडं आणलं होतं, ते तिनं आक्काताईसमोर पाटावर ठेवलं. सरकारची विधवेची पेन्शन अजून चालू व्हायची होती. तेराव्याचं जेवण अंबादासच्या उधारीवर शिजलं होतं. पंगत उठली, हात वाळले, तरी कुणी जाईना. आक्काताईनं ओळखलं.

"वयनी," सयाजीनं सुरुवात केली, "दादा गेलं, आता कोन हाय मागं? चार माणसं बसल्याती तवर ट्रंक उघडूया. आमचं अडीच तोळं ऱ्हायल्यालं हाय. ते घिऊ, बाकीचं तुमचं तुमास्नी."

"आज न्हाय," आक्काताई म्हणाली.

"का? आज का न्हाय?"

"एकोणीस वर्सं हेच ऐकाय लागलोय आमी," बाळाबाई रडतच ओरडली. "सासऱ्यानं मरूस्तवर टोमणं मारलं मला. दादा मेला, आता तरी सोड की! भनीचा घास गिळून बसला माजा भाऊ, चोर हुता म्हणून सांग आन् मोकळी हो!"

सोपाभर माणसं. अंबादास होता, विठाबाई होती, अडतीवरचे दोघं होते. आक्काताईच्या हातात कमरेची किल्ली घामानं ओली झाली. न उघडावी, तर तो चोर ठरला. उघडावी, तर दगड भरून मिरवणारा लबाड ठरला. कुठंही हात घाल, माणूस नासलाच! दाराच्या चौकटीला त्याची काठी अजून तशीच टेकलेली होती. तिचं डोकं उठलं. आन गेली चुलीत. बोटं गेली माणसाची या सोन्यापायी, आणि याच पोरीनं त्याला चोर म्हणावं? ती उठली, आत गेली, कुलूप काढलं आणि झाकण भिंतीवर आपटलं.

"या, बगा! समद्यांनी बगा!"

माणसं दारात दाटली. सयाजीनं कांबळ ओढून काढली. मग त्यानं एक दगड उचलून उजेडात धरला.

"ही तर रेल्वेची खडी हाय."

"खडीच हाय," आक्काताई म्हणाली. "पयल्यापासनं खडी. मिरजेच्या स्टेशनावर भरली तेनं, तुमचं बाप सोप्यात बसलंतं म्हणून. तेच्याकडं कवाच काय नव्हतं. साठ रुपयाच्या पगारात काय आसणार, बाबांनू? तुमच्या सोन्यासाठी बर्फात जाऊन पाय तोडून आला तो!"

क्षणभर तिला वाटलं, झालं, सुटलो. बाळाबाई दगडांकडं बघत होती. तिचे डोळे भरून आले होते. आता ही गळ्यात पडणार, असं आक्काताईला वाटलं. पण विठाबाई मागनं म्हणाली, "आगं, माज्या मालकांनी सोता उतरीवली ती. दगडं आसतील व्हय? मिलिटरीचा माणूस दगडं कशाला आणील?"

"तर!" सयाजी म्हणाला. "येडा समजलीसा आमास्नी? रूळ काय कोल्हापुरात न्हाईत? माल काढला आन् खडी भरली. किल्ली कुणाच्या कमरंला हुती?"

सगळ्यांच्या माना आक्काताईकडं वळल्या. अंबादास हळूच म्हणाला, "कवाकवा ट्रंक खडखडवायच्या खऱ्या वयनी. मोडायचं जिवावर येतंय म्हणायच्या."

"म्हंजे दादाला ठावंच नव्हतं!" बाळाबाईनं कपाळावर हात मारला. "पहाऱ्यावर उभा ऱ्हायचा बिचारा, आन् घरात ही... दादा गं माजा! देवमाणूस! आन् मी तेला चोर म्हणत ऱ्हायली!" ती दारातली काठी छातीशी धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. बायका तिच्याभोवती जमल्या. गणपती किती साधा होता, किती सोसलं त्यानं, बायकोनं कसं लुबाडलं, हे एकमेकींना सांगायला लागल्या.

आक्काताई बघत राहिली. तिला ओरडायचं होतं. माझी बोरमाळ तुझ्या गळ्यात गेली, भवाने, म्हणायचं होतं. अडतीवरच्या पगाराचा, पेन्शनीचा, उसातल्या भांगलणीचा सगळा पाढा वाचायचा होता. पण वाचला असता, आणि समजा कुणाला पटला असता, तर? पुन्हा तोच लबाड ठरला असता. आत्ता कुठं तो चोरही नव्हता आणि लबाडही नव्हता. त्याच्या काठीला धरून त्याची बहीण रडत होती. मरताना त्याला एवढंच हवं होतं. आणि त्याची किंमत कुणी भरायची? दरवेळी जिनं भरली, तिनंच.

"बोल की," सयाजी म्हणाला. "तूच खाल्लंस न्हवं?"

मेल्या माणसा, ती मनात म्हणाली, जाता जाता बी मलाच धरलंस.

"व्हय," आक्काताई म्हणाली. "मीच खाल्लं. जावा आता."

गेली माणसं. जाताना बाळाबाईनं पाटावरचं दुखवट्याचं लुगडं उचलून परत पिशवीत घातलं आणि काठीही नेली. आक्काताईनं दार लावून घेतलं, पाटीनं खडी मागच्या न्हाणीत नेऊन ओतली, आणि रिकामी ट्रंक एकटीनं उचलून भिंतीकडेला ठेवली. कुलूप लावलं नाही.

सकाळी ती चहापत्तीला अंबादासच्या दुकानात गेली. नेहमीसारखी पुडी बांधायला त्यानं कागद फाडला, मग तिच्याकडं बघितलं आणि कागद खाली ठेवला.

"आता रोख, वयनी," तो म्हणाला.